इमारतमालकाचे पादचाऱ्यांप्रती दायित्व

रस्त्यालगतची इमारत वा तिचा भाग कोसळून वाटसरूस इजा झाल्यास भरपाई देण्याची मालकावरील जबाबदारी म्हणजे इमारतमालकाचे पादचाऱ्यांप्रती दायित्व होय. भारतात ते अपकृत्य कायद्यात मोडते.

दिल्लीतील चांदणी चौकातले घंटाघर १९५१ मध्ये कोसळून जीवितहानी झाली. वास्तू सुमारे ८० वर्षांची होती. मात्र बांधकामातील मसाला पाहता वरच्या मजल्याचे आयुर्मान ४० ते ४५ वर्षेच होते. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालक असलेल्या महानगरपालिकेस जबाबदार धरले. नियमित तपासणी व देखभाल हे मालकाचे कर्तव्य असल्याने, दोष दृश्य असो वा सुप्त, दायित्व टळत नाही, असे न्यायालयाने म्हटले. घंटाघर कोसळणे हाच निष्काळजीपणाचा प्रथमदर्शनी पुरावा ठरला. त्यामुळे तो सिद्ध करण्याचे ओझे मृतांच्या वारसांवर राहिले नाही.