चीनमधील मजुरी वाढली. छोट्या रेल्वेचा छंद महागला

खेड : कोकण रेल्वेचा वीर ते खेड हा टप्पा मार्च 1995 मध्ये सुरू झाला आणि जानेवारी 1998 मध्ये संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. मांडवी वा कोकणकन्येची हुबेहूब प्रतिकृती आपल्या कपाटात असावी, असे वाटणाऱ्या रेल्वेप्रेमीला मात्र हा हट्ट आता फारच महागात पडतो. त्याचे कारण कोकणात नाही, ते दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात सापडते.

छोट्या रेल्वेचे जुने नामांकित कारखाने युरोपातील. ब्रिटनच्या हॉर्नबी कंपनीने 1990 च्या दशकात आपले उत्पादन मारगेट येथून चीनला हलविले. जर्मनीच्या मेर्कलिननेही काही काम तेथे दिले होते. हा व्यवसाय स्वस्त मजुरीवर उभा होता, कारण प्रतिकृती जितकी बारकाईची, तितके हातकाम अधिक. इंजिनाच्या कठड्याची तारेएवढी दांडी, हॉर्न, शिडी हे सारे सुटे भाग माणसे एकेक करून बसवितात. साच्याचा खर्चही मोठा असतो. मोटारीच्या स्वस्त खेळण्याचा साचा लाखो नगांवर वसूल होतो, इंजिनाचा मात्र थोड्याच नगांवर वसूल करावा लागतो.

2010 नंतर ग्वांगडोंगमधील किमान वेतन झपाट्याने वाढले. तरुण कामगार इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांकडे वळले. 2018 मध्ये आफा हा कारखाना बंद पडला, तेव्हा त्याच्याकडून माल बनवून घेणाऱ्या अमेरिकी कंपन्यांची घोषित मॉडेले लांबणीवर पडली. 2021 मध्ये जहाजभाडे भडकले. मेर्कलिनने 2009 च्या दिवाळखोरीनंतर बरेच उत्पादन जर्मनी व हंगेरीत परत नेले, पण तेथील मजुरी स्वस्त नाही, हे सांगायला नको.

भारतीय संग्राहकावर याखेरीज आणखी ओझे आहे. आयात खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के, तर 2023 च्या अर्थसंकल्पात 70 टक्के झाले. प्रतिकृतींचा समावेशही सीमाशुल्काच्या याच शीर्षात होतो. म्हणजे दहा हजार रुपयांच्या इंजिनावर दुकानदाराला सात हजार रुपये केवळ मूळ सीमाशुल्क भरावे लागते. वस्तू व सेवा कर वेगळा. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. लहान मुलांच्या सुरक्षेसाठी हा नियम योग्यच. परंतु दहा-वीस नग मागविणाऱ्या आयातदारासाठी परदेशी कारखान्याची तपासणी करवून घेणे परवडण्यासारखे नाही. त्यातच 2025 च्या डिसेंबरमध्ये डॉलरने 90 रुपयांचा टप्पा ओलांडला.

एवढे पैसे मोजूनही कोकण रेल्वेचे इंजिन तयार मिळेलच असे नाही. प्रचलित 1:87 प्रमाणाचे रूळ 16.5 मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे 1,435 मिलिमीटरच्या मार्गाचे असतात. आपल्या 1,676 मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला याच प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. म्हणून अनेक छांदिष्ट अमेरिकी इंजिनाची चाके व मोटार घेऊन त्यावर भारतीय ढंगाचा साचा बसवितात. जुन्या इंजिनांचे सुटे भागही त्यामुळे जपून ठेवले जातात. ज्याला खरी गंमत पाहायची असेल, त्याने पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहावे. ते एप्रिल 1998 मध्ये सुरू झाले. इतकी मांडणी आज नव्याने उभारायची, तर खर्चाचा आकडा कोणाही छांदिष्टाला धडकी भरविणारा ठरेल.

खर्च टाळण्यासाठी काही जण आता डबे पुठ्ठा व प्लॅस्टिकच्या पत्र्यातून घरीच कापतात, तर काही जण त्रिमितीय छपाईने काढून घेतात. कोकण रेल्वेने 1999 मध्ये सुरू केलेल्या रो-रो गाडीची प्रतिकृती या मार्गाने तुलनेने सोपी पडते, कारण सपाट वाघिणी आणि त्यांवरील ट्रक घरगुती साहित्यातून जमतात. मोटार, गिअर आणि धातूची चाके मात्र अजूनही बाहेरूनच येतात, आणि बिलाचा मोठा भाग तिथेच जातो.