खड्डा कुठं होता?

२७ जुलै २०१९. बदलापूर पश्चिम, हेंद्रेपाडा. उल्हास नदी वस्तीत शिरली आहे. तुम्ही जिन्यात उभे आहात, हातात शेजारच्या आजींची औषधांची पिशवी. तिकडे वांगणीच्या बाजूला महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आहे. पाणी ओसरलं की भिंतीवर चिखलाची रेघ उरेल. घर धुताना ती पुसू नका. शेजारी तारीख लिहा.

आता मागे चला, शके ९८२. अंबरनाथचं शिवमंदिर उभं राहिलंय आणि तुम्ही शेजारच्या वालधुनी नदीचं पाणी ओंजळीनं पिताय. दूषित जागा तपासणारे लोक अशीच एखादी जागा आधी शोधतात, जिथं कारखान्याचा हात पोचलेला नाही. तिथला आकडा ठाऊक नसेल, तर संशयित मातीतलं क्रोमियम मुळातलं की माणसानं ओतलेलं, हे सांगता येत नाही.

१९७०. ठाणे जिल्ह्यातल्या कुठल्याही एका कंपनीचं मागचं आवार. जलप्रदूषणाचा कायदा यायला चार वर्षं आहेत, घातक कचऱ्याच्या नियमांना एकोणीस. रात्रपाळीचे दोन कामगार पिंप कलंडवतात. पिवळट गाळ कच्च्या खड्ड्यात पडतो. खाली ना अस्तर, ना सिमेंट. पुढच्या उन्हाळ्यात वर मुरूम पसरला जाईल. कागदावर कसलीच नोंद नाही. त्या दोघांचे चेहरे नीट बघून ठेवा.

नोव्हेंबर २०१४, उल्हासनगर. वालधुनीत सोडलेल्या रसायनाच्या वाफेनं शेकडो माणसं रुग्णालयात पोचली आहेत. इथं धावाधाव झाली, कारण विष नाकाला झोंबलं. मुरलेला खड्डा असा ओरडत नाही, आणि मला भीती वाटते ती त्याचीच.

आणि आता थोडं पुढे, अजून न उजाडलेल्या एका सकाळी. २४ जुलै २०२५ ला केंद्रानं दूषित जागांचे नियम जाहीर केले, त्यानुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाची माणसं त्या मुरूम टाकलेल्या आवारात आली आहेत. प्राथमिक पाहणीला नव्वद दिवस, पुढे सविस्तर तपासणीला आणखी तीन महिने. तुम्हाला वाटतं, आता यंत्र लावून भोकं पाडतील. पण आधी ते जुने नकाशे उलगडतात आणि म्हाताऱ्या कामगारांना हाक मारतात.

"काका, खड्डा कुठं होता?"

"त्या चिंचेच्या पलीकडं. आम्हीच ओतायचो, साहेब. कुणी सांगितलं नव्हतं की वाईट असतं."

हे काका म्हणजे त्या रात्रीचाच एक कामगार. त्यांनी बोट दाखवलं नसतं तर यंत्र पन्नास फूट अलीकडे लागलं असतं आणि अहवालात जागा स्वच्छ ठरली असती. या सगळ्या कामात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे बोट.

मग नमुने. जवळच्या बोअरवेलचं साठलेलं पाणी आधी उपसून टाकतात, ताजं आलं की भरतात. वाफ होणाऱ्या रसायनांसाठीची कुपी काठोकाठ भरून, झाकण लावून उलटी धरतात. एक बुडबुडा जरी दिसला तरी ती बाद, कारण रसायन त्या हवेत निसटतं. प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे. कुपी बर्फाच्या पेटीत जाते.

पण जमिनीत विष सापडलं, एवढ्यानं भागत नाही. ते माणसापर्यंत कुठल्या वाटेनं पोचेल? अमेरिकेनं १९८० च्या कायद्यानंतर यासाठी गुणांकन बसवलं: भूजल, नदीनाले, माती आणि हवा या वाटांचे गुण मिळून २८.५ किंवा जास्त झाले, तर जागा राष्ट्रीय प्राधान्य यादीत जाऊ शकते. नदीनाल्यांच्या हिशेबात पूर किती वेळा येतो हेही धरतात. असा हिशेब आपल्याकडं मांडला, तर हेंद्रेपाड्याच्या भिंतीवरची तुमची रेघ पुरावा म्हणून उभी राहील.

आपले नियम आले तेव्हा देशात अशा १०३ दूषित जागा नोंदलेल्या होत्या. सफाई सुरू होती फक्त सात ठिकाणी. संशयित जागांची यादी करायची ती स्थानिक संस्थेनं किंवा जिल्हा प्रशासनानं, नागरिकांच्या तक्रारीवरूनही. सफाईचा खर्च ज्यानं घाण केली त्याचा. तो सापडला नाही तर सरकारचा. तो शोधायलाही काकांची साक्षच लागणार, आणि काका ऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून आजच्या तारखेला परत या आणि शेजारच्या निवृत्त माणसाकडे वही घेऊन बसा. कुठल्या साली, कुठल्या आवारात, कशाचा वास यायचा, ते त्यांच्याच शब्दांत उतरवा. खाली त्यांची सही घ्या. ती नोंद जोडून तक्रारीचा अर्ज नगरपरिषदेत द्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.