अजानचा बांध आणि घन्याचें पाणी



भरतपूर हें नांव मराठी माणसास इतिहासाच्या पुस्तकांतून परिचित आहे. इ. स. १७५४ मध्यें मराठी फौजांनीं जाटांच्या कुंभेरीच्या किल्ल्यास वेढा घातला, आणि त्या वेढ्यांत मल्हाररावांचे पुत्र व अहिल्याबाईंचे पति खंडेराव होळकर तोफेच्या गोळ्यानें ठार झाले. पुढें सातच वर्षांनीं, पानिपताहून अन्नवस्त्रावांचून परतणाऱ्या आपल्या लोकांस ज्यानें आश्रय दिला, तोहि कुंभेर-भरतपूरचाच धनी, सूरजमल जाट. त्याच्या शौर्याविषयीं आणि औदार्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आज मला सांगावयाचा आहे तो त्याच्या नांवाशीं जोडलेल्या एका मातीच्या बांधाचा इतिहास.

भरतपूरचा प्रदेश सखल आहे. गंभीर आणि बाणगंगा या दोन नद्या वर्षाचे आठ महिने जवळजवळ कोरड्या असतात आणि पावसाळ्यांत एकाएकीं फुगतात. त्यांचा लोंढा शहरावर व शेतांवर येऊं नये, म्हणून त्यांच्या संगमाजवळ अठराव्या शतकांत मातीचा बांध घातला गेला. हाच अजान बांध. त्याची बांधणी परंपरेनें सूरजमलाकडे दिली जाते. येथें पुराचें पाणी तात्पुरतें थोपवावयाचें, आणि मग थोडेंथोडें सोडावयाचें, अशी ती योजना. शहराच्या आग्नेयेस एक स्वाभाविक खोलगट मैदान होतें. त्यांतील दाट झाडीमुळें लोक त्यास ‘घना’ म्हणत, आणि तेथील केवलादेव महादेवाच्या मंदिरावरून पुढें त्यास ‘केवलादेव घना’ असें नांव पडलें.

दीडशें वर्षें घना हें जंगल, गुरांचें कुरण आणि पावसाळ्यांतील डबकें, असें तिन्ही मिळून होतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचें रूप पालटलें. त्या वेळीं भरतपूर राज्याच्या कारभारांत असलेले मोरवीचे राजपुत्र हरभामजी यांनीं इंग्लंडांत पाणबदकांची शिकार पाहिली होती. तशी शिकार येथेंहि व्हावी, या हेतूनें अजान बांधाचें पाणी पाटानें घन्यांत आणण्यांत आलें. आंत लहान लहान बांध घालून मैदानाचे कप्पे पाडले गेले, आणि प्रत्येक कप्प्यास मोऱ्या व दारें बसवून पाण्याची पातळी हातीं ठेवण्याची सोय झाली. शेतीसाठीं तळीं व बंधारे आपल्या देशांत हजारों आहेत. पण केवळ पाखरांनीं यावें, राहावें, म्हणून बांधलेले हे बांध त्या काळीं विरळाच.

या बांधांचें काम कसें चालतें तें पाहण्यासारखें आहे. आषाढ-श्रावणांत अजानचीं दारें उघडतात, आणि पाण्याबरोबर माशांचीं पिलें घन्यांत येतात. एका अंदाजाप्रमाणें एका पावसाळ्यांत साडेसहा कोटि मत्स्यबीज आंत शिरतें. कप्प्यांतील पाणी क्वचितच पुरुषभर खोल असतें. त्यामुळें ऊन तळापर्यंत पोंचतें आणि पाणवनस्पति भराभर वाढतात. बाभळींवर चित्रबलाक, पाणकावळे, बगळे आणि करकोचे घरटीं घालतात, व पिलांना भरवावयास मासळी खालींच असते. हिंवाळ्यांत उत्तरेकडून बदकांचे व हंसांचे थवे उतरतात. उन्हाळ्यांत पाणी आटतें, जमीन तापते, आणि पुढील पावसाळ्यास ती नवी होऊन सामोरी जाते. या चक्रांत दारें उघडणारा मनुष्य नसेल तर घना नाहीं. आणि पूर नसेल तर दारें असून उपयोग नाहीं.

पहिली मोठी शिकार लॉर्ड कर्झन यांच्यासाठीं १९०२ मध्यें झाली. पुढें व्हाइसरॉय, राजेरजवाडे व पाहुणे येत राहिले, आणि प्रत्येक शिकारीचा आंकडा दगडावर कोरला गेला. ते शिलालेख आजहि मंदिराजवळ उभे आहेत. लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ १९३८ च्या नोव्हेंबरांत एका दिवसांत ४,२७३ पांखरें पडलीं, असें तेथें वाचावयास मिळतें. वाचून मन विषण्ण होतें. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें येथें क्षणभर थांबावें. ज्या हौसेनें एका दिवसांत चार हजार जीव घेतले, त्याच हौसेनें वर्षाचे उरलेले दिवस हें पाणी राखलें. शिकारीची सोय नसती, तर हें मैदान केव्हांच नांगराखालीं गेलें असतें.

आणि तशी वेळ आलीहि. स्वातंत्र्यानंतर संस्थान गेलें. घना कोरडा करून ती जमीन शेतकऱ्यांस वांटावी अशी मागणी झाली. भुकेल्या देशांत ती अयोग्य होती असें कोण म्हणेल? तरी घना वांचला, आणि त्या यशांत मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. सलीम अली यांच्या प्रयत्नांचा मोठा वांटा आहे. शेवटची मोठी शिकार १९६४ मध्यें झाली. १९८१ मध्यें रामसर करारान्वयें या पाणथळीस आंतरराष्ट्रीय महत्त्व मिळालें, १९८२ मध्यें ती राष्ट्रीय उद्यान झाली आणि १९८५ मध्यें जागतिक वारशांत गणली गेली. क्षेत्र अवघें २९ चौरस किलोमीटर. पण कीर्ति जगभर.

येथेंच कथा संपली असती, तर मी आपला वेळ घेतला नसता. राष्ट्रीय उद्यान होतांच १९८२ मध्यें गुरें चारण्यास बंदी झाली. आसपासच्या गांवांच्या म्हशी पिढ्यानपिढ्या या पाण्यांत चरत आल्या होत्या. गांवकरी विरोधास उभे राहिले, पोलिसांचा गोळीबार झाला आणि कांहीं माणसें प्राणास मुकलीं. पाखरांच्या रक्षणासाठीं माणसांचें रक्त सांडलें. पुढें काय झालें? म्हशी गेल्या, आणि त्या खात असलेलें पास्पॅलम नांवाचें पाणगवत माजलें. मोकळें पाणी त्यानें झांकून टाकलें. बदकांस पोहावयास व मासळीस वाढावयास जागा उरेना. त्याच नॅचरल हिस्टरी सोसायटीनें १९८० ते १९९० अशीं दहा वर्षें केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा निघाला कीं, म्हशी काढल्यानें पाणथळीचें नुकसानच झालें. १९९० मध्यें संकटांत असलेल्या पाणथळींच्या यादींत घन्याचें नांव लागलें. सैबेरियाचे पांढरे क्रौंच येथें हिंवाळा काढीत. २००२ नंतर ते आले नाहींत.

दुसरें संकट पाण्याचें. गंभीर नदीवर वरच्या अंगास, करौलीकडे, पांचना धरण झालें. तेथील शेतकऱ्यांनीं म्हटलें, आमचीं पिकें वाळत असतां पांखरांस पाणी कसलें? इ. स. २००४ च्या सुमारास अजानकडे येणारा ओघ बंद पडला, आणि घना कांहीं वर्षें भेगाळलेल्या जमिनीसारखा राहिला. त्यास वर्षाला सुमारें ५५० दशलक्ष घनफूट पाणी लागतें. पुढें गोवर्धन नाल्यांतून आणि चंबळेवरून नळानें पाणी आणण्याची तजवीज झाली. पाणी आलें ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु नदीच्या पुराबरोबर येणारीं माशांचीं पिलें नळानें तशीं येत नाहींत.

या तीनशें वर्षांच्या हकीकतींतून मला एकच गोष्ट दिसते. बांध घालणें हें गवंड्याचें आणि इंजिनिअरचें काम आहे. तें एकदां करून संपतें. पाण्याची वांटणी ठरविणें हें समाजाचें काम आहे, आणि तें दर पावसाळ्यास नव्यानें करावें लागतें. राजांच्या काळीं ती वांटणी हुकमानें होई, व तींत शिकारी, गुराखी आणि पांखरें या तिघांसहि कांहींना कांहीं मिळे. आतां हुकूम चालत नाहीं, आणि चालूंहि नये. म्हणून करौलीच्या शेतकऱ्याशीं आणि घन्याच्या कडेच्या गुराख्याशीं बोलूनच ती ठरवावी लागेल. तशी सुरुवात झालेलीहि आहे: घन्यांत माजलेली विलायती बाभूळ उपटून नेण्याचें काम गांवकऱ्यांच्या समित्यांकडे देण्यांत आलें, त्यांस सरपण मिळालें आणि पाण्याची जागा मोकळी झाली.

आपल्याकडेहि गोदावरीवरील नांदूर मधमेश्वरचा बंधारा शेतीसाठीं बांधला गेला, पण पांखरांनीं तो आपलासा केला, आणि २०२० मध्यें त्यास रामसरचा मान मिळाला. तेथील पाण्याचा हिशोब मांडतांना शेतकऱ्याबरोबर पांखरांचाहि वांटा आधींच लिहून ठेवावा. भरतपुरास तो भांडण पेटल्यावर शोधावा लागला.