सुकाणू कोणाच्या हाती, नजर कोणाची?

मराठीत एखाद्या मोठ्या कामासाठी समिती नेमली की तिला आपण 'सुकाणू समिती' म्हणतो. हा शब्द सरकारी परिपत्रकांपासून साहित्य संमेलनांपर्यंत सगळीकडे रुळला आहे. तो आला मात्र समुद्रावरून. अरबी 'सुक्कान' म्हणजे जहाजाला दिशा देणारी मागची फळी. तिचे मराठीत सुकाणू झाले. 'होकायंत्रा'तला 'होका' अरबी 'हुक्का'शी नाते सांगतो. हुक्का म्हणजे डबी, चुंबकसुई ठेवायची डबी. 'नाखवा' हा फारसी 'नाखुदा', म्हणजे नावेचा धनी. 'सारंग' हा फारसी 'सरहंग', म्हणजे टोळीचा म्होरक्या. आणि 'मालीम' म्हणजे 'मुअल्लिम'. मदरशात शिकवणारा तो मुअल्लिम, तसाच दर्यावर वाट दाखवणाराही मुअल्लिम. कोकणातल्या मुस्लिम घरांत नाखवा, नाखुदा, सारंग, मालीम ही आडनावे आजही आहेत.

या शब्दांकडे नीट पाहिले तर जुन्या जहाजावरची कामाची वाटणी दिसते. धनी वेगळा, खलाशांकडून काम करून घेणारा वेगळा, सुकाणू धरणारा वेगळा आणि वाट जाणणारा वेगळा. आजच्या बोटीवर स्टिअरिंग, थ्रॉटल आणि जीपीएसचा पडदा अशी तिन्ही साधने एकाच माणसासमोर हातभर जागेत बसवलेली असतात. हा प्रवास कसा झाला, कोणत्या साधनाची निवड कोणी कशासाठी केली, हा इतिहास फारसा सांगितला जात नाही. तो समजून घेतला तर आज साधन निवडतानाही त्याचा उपयोग होतो.

जहाजाच्या बरोबर मागे, मधोमध बसवलेल्या सुकाणूचा सर्वांत जुना पुरावा चीनमध्ये सापडतो. ग्वांगजौजवळच्या हान काळातल्या थडग्यात मिळालेल्या मातीच्या नौकेला असे सुकाणू आहे. मुस्लिम जगात त्याचे प्रसिद्ध चित्र 1237 सालचे आहे. अल-हरीरीच्या 'मकामात'साठी याह्या अल-वासिती या चित्रकाराने जहाज रंगवले, त्याच्या मागे सुकाणू स्पष्ट दिसते. ही हस्तलिखित प्रत आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

पण माझ्या मते त्याहून मोलाची नोंद दहाव्या शतकातली आहे. बैतुल मुकद्दस म्हणजे जेरुसलेमचा रहिवासी असलेल्या अल-मुकद्दसी या भूगोलकाराने 985 च्या सुमारास आपला ग्रंथ लिहिला. त्यात तांबड्या समुद्रातल्या जहाजांचे वर्णन आहे. हा समुद्र खडकांनी भरलेला, त्यामुळे जहाजे दिवसाच चालत. कप्तान वर डोलकाठीवरच्या जागेत बसून पाण्याकडे टक लावून पाही. खडक दिसला की तो ओरडे, उजवीकडे किंवा डावीकडे. दोन पोरे तो हुकूम मोठ्याने पुन्हा उच्चारत. खाली सुकाणूवाल्याच्या हाती दोन दोर असत. हुकूम ऐकला की तो त्या बाजूचा दोर ओढे.

आजच्या लहान बोटीत स्टिअरिंगचे चाक फिरवले की एक तार मागच्या इंजिनाला ढकलते किंवा ओढते. तत्त्व तेच, दूरवरून सुकाणू हलवायचे. पण अल-मुकद्दसीच्या नोंदीतली खरी गोष्ट दोरांची नाही. ज्याला दिसायला हवे त्याचे हात मोकळे ठेवले होते आणि ज्याचे हात गुंतलेले होते त्याला पाहण्याच्या जबाबदारीतून सोडवले होते. खडकाळ समुद्राने ही रचना घडवली.

दिशा दाखवणाऱ्या साधनाचे तसेच. चीनमध्ये शेन कुओने 1088 च्या सुमारास चुंबकसुईचे वर्णन केले आणि पुढच्या तीसेक वर्षांत ती जहाजावर वापरली जात असल्याची चिनी नोंद मिळते. बैलक अल-किबजाकी या लेखकाने हिजरी 640 मध्ये, म्हणजे इसवी सन 1242-43 मध्ये, शामच्या त्रिपोलीहून अलेक्झांड्रियाला जाताना पाण्याच्या भांड्यात तरंगती सुई पाहिली. हिंदी महासागरातले खलाशी सुईऐवजी लोखंडाची पोकळ मासोळी पाण्यावर सोडतात, असेही त्याने लिहून ठेवले आहे. ढगाळ रात्री तारे दिसेनासे झाले की ही मासोळी बाहेर निघे. आकाश स्वच्छ असेल तर मालीमचा भरवसा ताऱ्यांवरच असे.

हे ताऱ्यांचे शास्त्र सर्वांत तपशिलाने लिहिले अहमद इब्न माजिदने. तो जुल्फारचा, म्हणजे आजच्या रास अल-खैमाचा. त्याचा 'किताब अल-फवाइद' 1490 च्या सुमारास पूर्ण झाला. या मालीमांचे मुख्य साधन होते 'कमाल'. एक लहानशी चौकोनी फळी, तिच्या मधोमध गाठी मारलेली दोरी. दोरीचे टोक दातात धरायचे, फळी पुढे न्यायची, तिची खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवताऱ्याला टेकवायची. कोणत्या गाठीला हे जुळते त्यावरून आपण किती उत्तरेला आहोत ते कळे. माप होते 'इस्बा', म्हणजे बोट. वर्तुळाचे 224 इस्बा, म्हणजे एक इस्बा साधारण दीड अंशाहून किंचित जास्त.

याच मापात वेगही बसवलेला होता. तीन तासांच्या प्रवासाला 'झाम' म्हणत. आठ झाम, म्हणजे एक दिवस-रात्र सरळ उत्तरेला चालले की ध्रुवतारा एक इस्बा वर येतो, असा हिशेब. एक इस्बा म्हणजे सुमारे 96 सागरी मैल. चोवीस तासांनी भागले तर ताशी चार मैल. त्या काळच्या शिडाच्या जहाजाची ही सर्वसाधारण चाल म्हणायला हरकत नाही. वेग वाढवायला हाताशी दांडा नव्हता, म्हणून तारीख निवडली जाई. कोणत्या बंदरातून कोणत्या दिवसांत निघावे याची कोष्टके मालीम बाळगत. मोसम हाच त्यांचा थ्रॉटल.

या शास्त्राची एक परीक्षा 1498 मध्ये झाली. वास्को द गामा पूर्व आफ्रिकेच्या मलिंदीला पोचला. तिथे त्याला वाटाड्या मिळाला आणि 24 एप्रिलला निघालेली जहाजे 20 मे रोजी कालिकतजवळ लागली. हा वाटाड्या इब्न माजिद होता, असे आपल्याकडे अजूनही सर्रास लिहिले जाते. काही जण ते अभिमानाने सांगतात, तर काही जण 'एका मुसलमानानेच फिरंग्यांना घर दाखवले' असा ठपका ठेवण्यासाठी. या कथेचा उगम सोळाव्या शतकातल्या मक्केतील इतिहासकार कुत्बुद्दीन अल-नहरवाली याच्या ग्रंथात आहे. दारूच्या नशेत इब्न माजिदने वाट सांगितली, असे तो म्हणतो. पण तो घटनेनंतर कित्येक दशकांनी लिहितो आणि पोर्तुगीज साधनांतला माणूस वेगळाच आहे. आजचे बहुतेक अभ्यासक ही कथा मानत नाहीत.

पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारुश वाटाड्याला गुजरातचा मुसलमान म्हणतो आणि नाव देतो 'मलेमो काना'. दुसरा एक पोर्तुगीज लेखक त्यालाच 'कनक' म्हणतो. गामाच्या सफरीतल्या अनामिक रोजनिशीकाराला तर तो ख्रिस्ती वाटला होता. अनेक अभ्यासकांच्या मते हे नाव नसून दोन पदव्या आहेत. मलेमो म्हणजे मुअल्लिम आणि कनक म्हणजे संस्कृत 'गणक', ज्योतिषाचा हिशेब करणारा. अर्धी पदवी अरबी, अर्धी संस्कृत. त्या माणसाचा धर्म कोणता होता यावर वाद घालता येईल. त्याची विद्या मात्र एका जमातीची नव्हती, हे त्याच्या नावातच लिहिलेले आहे.

बारुशने या भेटीचा एक प्रसंग दिला आहे. गामाने आपले मोठे लाकडी अ‍ॅस्ट्रोलेब आणि धातूची उपकरणे वाटाड्याला दाखवली. तो चकित होईल अशी अपेक्षा होती, पण त्याला काहीच नवल वाटले नाही. तांबड्या समुद्रातले काही मालीम पितळी उपकरणे वापरतात, असे त्याने सांगितले. आपण आणि खंबायतचे खलाशी मात्र वेगळ्या साधनाने ताऱ्यांची उंची घेतो, असे म्हणून त्याने तीन फळ्यांचे साधन पुढे केले. कमालच्याच कुळातले. हिंदुस्थानच्या किनाऱ्याचा नकाशाही त्याच्याकडे होता.

हे मागासलेपण नव्हते. जहाज डोलत असताना टांगलेले अ‍ॅस्ट्रोलेब स्थिर राहत नाही. म्हणूनच गामाने तेच लाकडी अ‍ॅस्ट्रोलेब आफ्रिकेच्या सेंट हेलेना उपसागरात जमिनीवर उतरवून वापरले होते, हेही बारुशच सांगतो. आपल्या पाण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून फार उंच नसतो. इतकी कमी उंची मोजायला हातातली फळी पुरते, आणि तिच्यातून पाहताना क्षितिज नजरेबाहेर जात नाही. मालीमला दोन्ही साधने ठाऊक होती. त्याने आपल्या समुद्राला जुळणारे निवडले.

पुढे वाफेची जहाजे आली तेव्हा वेग माणसाच्या हाती आला, पण पाहणाऱ्याच्या हाती आला नाही. इंजिन पोटात, कप्तान वर पुलावर. मध्ये टेलिग्राफ. वर दांडा 'फुल', 'हाफ', 'स्लो', 'स्टॉप' अशा खुणांवर फिरवला की घंटी वाजे आणि खाली काटा फिरे. इंजिनवाला आपला दांडा त्याच खुणेवर आणून हुकूम मिळाल्याची खात्री देई. अल-मुकद्दसीच्या जहाजावरची हुकूम उच्चारणारी पोरे इथे पितळेची झाली होती. ब्रिटिश आगबोटींवर डेकच्या कामाला रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने होते. इंजिनखोलीत पंजाब आणि सिल्हेटचे लोक, भटारखान्यात आणि जेवणघरात गोव्याचे. त्यांच्या सारंग, तांडेल, सुकाणी या हुद्द्यांची भाषा गोऱ्या अधिकाऱ्यांना शिकावी लागे. त्यासाठी थॉमस रोबकने 1811 मध्येच कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्तानी नौकानयन कोश छापला होता.

आउटबोर्ड इंजिन आले आणि ही सगळी माणसे एका माणसात आटली. माझ्या नात्यातला एक तरुण फायबरची बोट घेत होता, तेव्हा त्याने मला सामानाची यादी पाठवली. तीत पडदे मोठे आणि बरेच होते. मी यंत्रज्ञ नाही, पण वरचा इतिहास डोक्यात ठेवून ती यादी वाचली आणि जाणकार तांडेलांना विचारले, तेव्हा काही गोष्टी स्पष्ट झाल्या.

सुकाणूच्या बाबतीत लहान इंजिनाला मागचा हातदांडा पुरतो. मोडण्यासारखे त्यात फार काही नसते. बसायची जागा पुढे न्यायची तर तारेचे स्टिअरिंग लागते. खाऱ्या हवेने तार गंजते. चाक जड लागू लागले की ती बदलायची वेळ झाली असे समजावे, तुटेपर्यंत थांबू नये. इंजिन ताकदवान असेल तर पंख्याचा जोर चाकाला एका बाजूला ओढत राहतो. तिथे तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक स्टिअरिंग बरे, कारण ते हा जोर हातापर्यंत येऊ देत नाही. मात्र त्याची गळती आणि नळीत शिरलेली हवा यांच्यावर लक्ष हवे.

थ्रॉटलमध्ये गिअर आणि वेग एकाच दांड्यावर असलेला प्रकार सोपा. मधल्या न्यूट्रल जागेवर खटका असावा, म्हणजे अंगाचा धक्का लागून बोट अचानक सुटणार नाही. चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा कमरेला बांधायची दोरी, जी सुटली की इंजिन बंद पडते, ती यादीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी असावी. एकटा माणूस पाण्यात पडला आणि बोट चालतच राहिली तर तिला थांबवायला दुसरे कोणी नसते.

वाट दाखवणाऱ्या साधनांत पहिले होकायंत्र. ते लोखंड, स्पीकर आणि मोबाइलपासून दूर, चाकाच्या रेषेत, मान न वाकवता दिसेल असे बसवावे आणि किनाऱ्यावरच्या ओळखीच्या खुणांशी ताडून पाहावे. त्यानंतर खोली सांगणारा इको साउंडर. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे जागा बदलतात. मग जीपीएस आणि व्हीएचएफ वायरलेस. जीपीएस उत्तम साधन आहे, पण गेल्या काही वर्षांत काळ्या समुद्रात, आखातात आणि तांबड्या समुद्राच्या परिसरात त्याच्या संदेशात ढवळाढवळ होऊन जहाजांना भलत्याच जागा दिसल्या आहेत. होकायंत्राला वीजही लागत नाही आणि उपग्रहही.

2017 च्या ओखी वादळात केरळ आणि तमिळनाडूचे अनेक मच्छीमार खोल समुद्रात होते. वादळाची सूचना त्यांच्यापर्यंत पोचवण्याची सोय नव्हती, आणि कित्येक जण परतले नाहीत. त्यानंतर इस्रोच्या तंत्रज्ञानावर दुतर्फा संदेश देणारे ट्रान्सपॉन्डर आले. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये या योजनेचा देशपातळीवर आरंभ झाला. तेरा किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख मासेमारी बोटींवर ते बसवायचे आहेत. हे साधन मिळणार असेल तर नाकारू नये. डोलकाठीवरून खडक पाहून ओरडणाऱ्या कप्तानाचे काम आता काही प्रमाणात आकाशातून होणार आहे.

तरीही जवळचा खडक, जाळ्याचा तरंगता दोर, समोरून येणारी विनादिव्याची होडी उपग्रहाला दिसत नाही. जुने मालीम पाण्याचा रंग, तळाचा गाळ, पक्षी आणि हिंदुस्थानचा किनारा जवळ आल्याची खूण असलेले पाणसापही वाचत. साधन विकत घेताना किंमत आणि कंपनी सगळेच पाहतात. ते बसवल्यावर चालवणाऱ्याची नजर पाण्यावर राहील की पडद्यावर खिळेल, हा प्रश्नही दुकानातच विचारायला हवा. नजर मोकळी ठेवणारे साधन साधे असले तरी तेच घ्यावे.