160 चौरस फुटांतला ऑगस्ट

28 ऑगस्ट 2020, शुक्रवार. तू वरळीच्या बीडीडी चाळीत आहेस. वय एकवीस, टी.वाय.बी.कॉम. खोली 160 चौरस फुटांची, माणसं पाच. गणपतीचा सातवा दिवस, पण खाली ढोल-ताशा नाही. लालबागच्या राजाचीसुद्धा यंदा मूर्ती बसली नाही, मंडळानं रक्तदान आणि प्लाझ्मादान ठेवलंय.

टीव्हीवर पट्टी फिरतेय: परीक्षेशिवाय पदवी नाही, सुप्रीम कोर्टाचा निकाल. जूनमध्ये राज्य सरकार परीक्षा नको म्हणालं, जुलैत यूजीसी म्हणाली सप्टेंबरअखेर घ्याच, मग युवासेना कोर्टात गेली. तिचे प्रमुख आदित्य ठाकरे तुझ्याच मतदारसंघाचे आमदार, त्यामुळे पॅसेजमध्ये घरचा सामना हरल्यासारखी चर्चा चाललीय.

"तारीख पडली का गं?" आई विचारते.

"नाही अजून."

पडेल. ऑक्टोबरमध्ये पेपर होतील, एकेका तासाचे, बहुपर्यायी, घरबसल्या. तू पासही होशील. आणि तरीही पहाटे चारला जाग येतच राहील. आज हे तुला कोण सांगणार?

कॉस्टिंगचं पुस्तक मांडीवर आहे, पान कालचंच. केसांना तीन दिवस फणी लागलेली नाही. ग्रुपवर मीम आलं की तू हसणारा इमोजी टाकतेस, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. आई म्हणते, आळस भरलाय. शेजारच्या काकू म्हणतात, मोबाईल कमी करा म्हणावं हिला.

तशी तू माणसं ओळखण्यात पटाईत. बाबांनी कप किती जोरात ठेवला त्यावरून कंपनीतून फोन आला की नाही ते तुला कळतं. आई भाकरी थापता थापता गप्प झाली, तेव्हाच तू ताडलंस की मामाचा रिपोर्ट आला, आता त्याला एनएससीआय डोमच्या कोविड केंद्रात नेणार. धाकट्याचा क्लास आणि तुझं लेक्चर एकाच वेळी आलं तर तू न बोलता मोबाईल त्याच्या हातात देतेस. घरात एकच आहे.

पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर यांनी 1990 मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची मांडणी केली. तिच्यात दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याइतकंच स्वतःच्या मनातलं ओळखणं आणि ते व्यक्त करणंही होतं. पहिल्या भागात तुला डिस्टिंक्शन आहे. दुसऱ्या भागाचा पेपर तू कोराच ठेवलायस, कारण तुझं दुखणं सांगितलं तर घरातल्या कोणाचा चेहरा कसा होईल तेही तुला आधीच दिसतं.

परवाच्या कॉलेजच्या वेबिनारमध्ये पाहुण्या म्हणाल्या, घरातला एक शांत कोपरा शोधा आणि भावनांवर ताबा मिळवा. कोपरा! इथे रडायचं तर पॅसेजच्या टोकाचा सामाईक संडास, आणि तिथेही बाहेरून कोणीतरी कडी वाजवतं. ताबा मिळवायला तुला कोणी शिकवायची गरज नाही, तो जरा सोडायचा कुठे, एवढं कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

नैराश्य ओळखायला डॉक्टरांकडे नऊ प्रश्नांचा एक तक्ता असतो. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, मन लागणं, लक्ष लागणं, असलं साधंच विचारतात. परीक्षा होणार की नाही, हा प्रश्न त्यात नाही.

टेली-मानसची 14416 ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू व्हायला अजून दोन वर्षं आहेत. पण पालिकेनं एम्पॉवर संस्थेबरोबर सुरू केलेली तसलीच मोफत हेल्पलाइन एप्रिलपासून चालू आहे. "दूध आणते," सांगून तू मोबाईल घेऊन उतरतेस. जांबोरी मैदानाच्या कडेला मास्क हनुवटीवर ओढतेस आणि नंबर लावतेस.

"मॅडम, ते परीक्षेचं टेन्शन..." तू सुरुवात करतेस.

"परीक्षेचं बोलू आपण. आधी सांग, झोप कशी आहे?"

"चारला जाग येते."

"किती दिवस झाले?"

तू बोटांवर मोजू लागतेस. गणपतीच्या आधीपासून, नाही, दहीहंडीच्याही आधीपासून.