मानव्यविद्येकडून संगणकाकडे : एका वाटेचा इतिहास

साहित्य, इतिहास वा तत्त्वज्ञान शिकलेला एखादा अभ्यासक विद्यापीठ सोडून संगणक-कंपनीत रुजू झाला, की त्याच्याविषयी आपल्याकडे दोनच प्रकारे बोलले जाते. विभागातील ज्येष्ठ मंडळी म्हणतात, तो पैशामागे गेला. नातेवाईक म्हणतात, उशिरा का होईना, शहाणा झाला. हे दोन निवाडे परस्परविरुद्ध वाटले, तरी त्यांच्यामागची गृहीतके एकच आहेत : जाणाऱ्याने आपली विद्या मागे ठेवली, आणि जाण्याचा निर्णय सर्वस्वी त्याचा होता. या वाटेला आता सुमारे सत्तर वर्षांचा इतिहास आहे. तो नीट पाहिला, तर ही दोन्ही गृहीतके टिकत नाहीत, असे आम्हांला वाटते.

आरंभ केंब्रिजपासून करू. कॅरेन स्पार्क जोन्स (१९३५–२००७) यांनी १९५३ ते १९५६ या काळात गर्टन कॉलेजात इतिहासाचा अभ्यास केला आणि त्यानंतर एक वर्ष तत्त्वज्ञानाचा. पुढे थोडा काळ त्यांनी शाळेत शिकवले. म्हणजे त्या काळच्या पदवीधर स्त्रीसाठी जी वाट आखलेली होती, तिच्यावरून त्या चालू लागल्याच होत्या. त्या वाटेवरून त्यांना बाजूला नेले ते 'केंब्रिज लँग्वेज रिसर्च युनिट' या संस्थेने.

या संस्थेची हकिकत साहित्याच्या अभ्यासकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. तिच्या संस्थापक मार्गारेट मास्टरमन (१९१०–१९८६) मूळच्या भाषा आणि तत्त्वज्ञान या विषयांच्या. विट्गेन्श्टाइनच्या १९३३-३४ मधील ज्या व्याख्यानांच्या टिपणांतून पुढे 'ब्लू बुक' सिद्ध झाले, ती व्याख्याने ऐकणाऱ्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी त्या एक. १९५० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी ही संस्था उभी केली ती विद्यापीठाच्या चौकटीबाहेर. जागा होती मिलिंग्टन रोडवरील एका जुन्या खाजगी संग्रहालयाची छोटी इमारत, आणि पैसा बव्हंशी अमेरिकी सरकारी अनुदानांचा. शीतयुद्धाच्या दिवसांत यंत्राकडून भाषांतर करून घेण्याची अमेरिकेला घाई होती. मास्टरमन यांचा प्रश्न मात्र निराळा होता : शब्दाला अर्थ येतो कोठून? १८५२ मध्ये प्रसिद्ध झालेला रॉजेचा समानार्थकोश छिद्रपत्रांवर उतरवून त्यांनी व्हर्जिलच्या शेतीविषयक काव्यातील एका ओळीचे यांत्रिक भाषांतर करून पाहिले. लॅटिन काव्य, एकोणिसाव्या शतकातील कोश आणि विसाव्या शतकातील यंत्र असा तो संगम होता. ज्याला आपण आज तंत्रज्ञान म्हणतो, त्याच्या एका महत्त्वाच्या शाखेचा उगम अशा ठिकाणी आहे.

स्पार्क जोन्स यांचा १९६४ चा प्रबंध समानार्थता आणि अर्थानुसारी वर्गीकरण यांविषयी होता. दोन शब्द एकाच अर्थाचे आहेत असे आपण कशाच्या आधारे म्हणतो, हा त्यातला मूळ प्रश्न. कोशकार आणि काव्यशास्त्रज्ञ यांना हा प्रश्न शतकानुशतके परिचित आहे. हा प्रबंध पुस्तकरूपाने यायला १९८६ उजाडावे लागले. परंतु त्याच विचारातून पुढे जाऊन त्यांनी १९७२ मध्ये 'जर्नल ऑफ डॉक्युमेंटेशन' या नियतकालिकात जो निबंध लिहिला, त्याचा उपयोग आपण सर्वांनी, नकळत का होईना, केलेला आहे.

त्या निबंधातील कल्पना साधी आहे. समजा, आपल्याजवळ एक हजार मराठी लेख आहेत. 'आणि' हा शब्द त्या हजारही लेखांत येतो, म्हणून हवा तो लेख शोधून काढायला त्याचा काही उपयोग नाही. 'ओवी' हा शब्द समजा दहाच लेखांत येतो, म्हणून त्याचे मोल मोठे. एकूण लेखांच्या संख्येला तो शब्द असलेल्या लेखांच्या संख्येने भागावे आणि आलेल्या भागाकाराचा लॉगरिदम घ्यावा, असे या कल्पनेचे आजचे रूढ गणित आहे. दहाच्या पायाने मोजले तर 'आणि'चे वजन शून्य येते आणि 'ओवी'चे दोन. एखाद्या शब्दाची नेमकेपणाची शक्ती त्याच्या कोशातील व्याख्येवरून न ठरवता त्याच्या वापरावरून ठरवावी, हे या निबंधाचे प्रतिपादन. अर्थ हा वापरात असतो, असे सांगणाऱ्या तत्त्वज्ञाच्या विद्यार्थिनीने उभारलेल्या संस्थेतून हे प्रतिपादन करणारी व्यक्ती यावी, यातील नाते कोणाही वाचकाला दिसेल. पुढील दशकांत शोधयंत्रे उभी राहिली ती ज्या पायांवर, त्यांपैकी हा एक.

मग विद्या मागे राहिली असे कसे म्हणावे? इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकलेल्या या बाईंनी क्षेत्र बदलले, प्रश्न बदलला नाही. अर्थात या कथेची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या दीर्घकाळ तात्पुरत्या, अनुदानांवर अवलंबून असलेल्या नेमणुकांवर काम करीत राहिल्या. केंब्रिजने त्यांना प्राध्यापकपद दिले ते १९९९ मध्ये, म्हणजे त्या निबंधानंतर सत्तावीस वर्षांनी. निवृत्ती आली २००२ मध्ये. १९६६ मध्ये अमेरिकेतील 'आल्पॅक' समितीने यांत्रिक भाषांतरावर प्रतिकूल अहवाल दिला आणि त्या क्षेत्राकडे वाहणारा पैसा आटला. दोन क्षेत्रांच्या सीमेवर उभे राहणाऱ्याला दोन्हीकडचा आश्रय मिळेलच असे नाही, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

आता अमेरिकेकडे वळू, कारण विद्यापीठ सोडणे ही सामूहिक घटना झाली ती प्रथम तेथे. १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला. १९५८ मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला आणि उच्च शिक्षणात पैसा ओतला. पीएच.डी. करणारांची संख्या वाढत गेली, महाविद्यालये वाढत गेली, आणि हे असेच चालणार असे सर्वांना वाटले. १९७० च्या सुमारास हे भरते ओसरले. जागा आक्रसल्या, पण पीएच.डी. घडवणारे विभाग थांबले नाहीत, कारण वर्गांवर कमी पगारात शिकवायला संशोधक विद्यार्थी लागत होते. १९८९ मध्ये विल्यम बोवेन आणि ज्युली अ‍ॅन सोसा यांनी भाकीत केले, की १९९७ पासून मानव्यविद्या आणि समाजविज्ञाने या शाखांत अध्यापकांची मोठी टंचाई भासेल. या भाकितावर विसंबून अनेक तरुणांनी आयुष्याची सहा-सात वर्षे प्रबंधाला दिली. टंचाई आली नाही. निवृत्तांच्या जागी कायम प्राध्यापक नेमण्याऐवजी विद्यापीठांनी तात्पुरते शिक्षक नेमले. म्हणजे दार आधी आतून बंद झाले होते. बाहेर पडणाऱ्यांची पावले त्यानंतर उमटली.

याच वर्षांत महाजालाचा उद्योग वाढत होता आणि त्याला माणसे हवी होती. रीड हॉफमन यांनी ऑक्सफर्डला १९९३ मध्ये तत्त्वज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेतली. विद्वान म्हणून समाजाशी बोलावे असा त्यांचा मानस होता. पण विद्यापीठीय लेखन फार थोड्यांपर्यंत पोहोचते असे वाटून त्यांनी वाट बदलली, आणि २००३ मध्ये 'लिंक्डइन' सुरू झाले. स्ट्युअर्ट बटरफील्ड यांनी १९९८ मध्ये केंब्रिजला तत्त्वज्ञानात एम.फिल. केले. २००४ मध्ये 'फ्लिकर' आणि पुढे 'स्लॅक' उभारणाऱ्यांत ते होते. ही नावे आज मानव्यविद्येच्या बचावासाठी वारंवार घेतली जातात. आम्हांला हा बचाव तोकडा वाटतो. जे गाजले त्यांचीच चरित्रे लिहिली जातात. जे एखाद्या कंपनीत माहितीपुस्तिका लिहीत राहिले त्यांची नाही. शिवाय 'तत्त्वज्ञान शिका, म्हणजे कंपनी काढता येईल' हे तत्त्वज्ञान शिकण्याचे कारण होऊ लागले, तर ज्या गोष्टीचा बचाव करायचा तीच हातची जाते.

मराठीच्या संदर्भात हा प्रश्न कसा दिसतो? आपल्याकडचा विद्यार्थी एम.ए. करतो, नेट वा सेट उत्तीर्ण होतो, पीएच.डी.ला नोंदणी करतो, आणि मग तासिका तत्त्वावर दोन-तीन महाविद्यालयांत फिरत राहतो. सुट्टीत तासिका नाहीत, म्हणून मानधन नाही. अशी पाच-सात वर्षे गेल्यावर तो एखाद्या कंपनीत स्थानिकीकरणाचे वा मजकूर-संपादनाचे काम पत्करतो. त्याला पैशामागे गेलेला म्हणणे हा अन्याय आहे. तो पगारामागे गेला, आणि पगार ही कोणत्याही कामाची किमान अट आहे.

पण तो तेथे काय घेऊन जातो, हेही पाहू. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांत 'य'च्या आधी येणारा आडवा र संगणकावर दोन प्रकारे साठवता येतो : नुक्ता असलेला 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घ्यायचे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द ठरतात. एका पद्धतीने लिहिलेला शब्द शोधताना दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला लेख निसटू शकतो. तीच गोष्ट सामान्यरूपाची. 'ओवी', 'ओवीला', 'ओव्या', 'ओव्यांमधून' ही आपल्याला एकाच शब्दाची रूपे वाटतात. ती एकत्र आणण्याची तजवीज केली नसेल, तर यंत्र त्यांना चार निरनिराळे शब्द मानते, प्रत्येकाची वेगळी मोजणी करते, आणि प्रत्येक रूप आहे त्याहून अधिक दुर्मिळ असल्याचे ठरवते. स्पार्क जोन्स यांचे गणित इंग्रजीत ज्या सहजतेने चालते, त्या सहजतेने मराठीत चालत नाही. ही अडचण ओळखायला मोरो केशव दामले यांचे १९११ चे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' वाचलेला माणूस लागतो. असा माणूस आपण तासिका तत्त्वावर ठेवला आणि मग गमावला.

तंत्रज्ञानाचा उद्योग हा काही कायमचा आसरा आहे, असे मात्र आमचे म्हणणे नाही. १९७० च्या दशकापासून आयबीएममध्ये फ्रेडरिक येलिनेक यांच्या गटाने व्याकरणाचे नियम बाजूला ठेवून आकडेवारीच्या बळावर यंत्राला बोलणे ओळखायला शिकवले. गटातून एकेक भाषावैज्ञानिक कमी झाला की यंत्राची कामगिरी सुधारते, असा विनोद त्यांच्या नावावर सांगितला जातो; त्याचे पाठभेद अनेक आहेत, पण तो टिकून राहिला तो उद्योगाची वृत्ती त्यात नेमकी उतरली म्हणून. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' आले, आणि भाषांतर व मजकूर-लेखन ही जी कामे मानव्यविद्येच्या पदवीधरांना या उद्योगात प्रवेश देत होती, त्यांच्यावरच प्रथम गदा येईल अशी भीती निर्माण झाली. जानेवारी २०२३ मध्ये एकट्या गूगलने सुमारे १२,००० कर्मचारी कमी करण्याची घोषणा केली. विद्यापीठ सोडून गेलेल्याला तेथेही 'आता तुमची गरज नाही' हे वाक्य ऐकावे लागू शकते.

अशा वेळी त्याने परत कोठे यावे? आमच्या मते या साऱ्या इतिहासातला कळीचा प्रश्न हा आहे, आणि तो विद्यापीठांना विचारला पाहिजे. दहा वर्षे मराठी शोधयंत्रावर काम केलेल्या माणसाला आपल्या मराठी विभागात स्थान नाही. त्याचा अनुभव कोणत्याही गुणांकनात बसत नाही. अर्थविचार, कोशरचना, पाठचिकित्सा यांविषयी त्याने जे नवे पाहिले, ते कंपनीच्या कागदांत राहते आणि वर्गात कधीच पोहोचत नाही. मिलिंग्टन रोडवरील त्या लहानशा इमारतीने एका इतिहासाच्या पदवीधर स्त्रीला तिचा प्रश्न पुढे नेण्याची जागा दिली, ती विद्यापीठाच्या आतही नव्हती आणि बाजारातही नव्हती. मराठीसाठी अशी जागा उभी करण्याला केंब्रिजची श्रीमंती लागत नाही. दर वर्षी दोन-तीन बाहेर गेलेल्या माणसांना सन्मानाने आणि मानधन देऊन एका सत्रासाठी परत बोलावणे, त्यांच्याकडून एक अभ्यासपत्रिका शिकवून घेणे, एवढ्यापासूनही आरंभ करता येईल. जे विभागप्रमुख हा लेख वाचत असतील, त्यांनी आपल्या गेल्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यांची यादी काढावी आणि त्यातले किती जण आज कोणत्या कंपनीत भाषेचे काम करीत आहेत, हे एकदा विचारून पाहावे.