केवळ तपासणीसाठी: नाव नसलेला आजार आणि विम्याचा इतिहास

पत्र एका पानाचे आहे. आपाने ते व्हॉट्सअॅपवर पाठवले आणि खाली लिहिले, "भाई, यात काय म्हटलंय ते नीट सांग." पत्र इंग्रजीत होते. मराठीत त्याचा अर्थ इतकाच: रुग्णाला दाखल करण्याचे मुख्य कारण तपासणी व मूल्यमापन हे होते, सबब दावा नामंजूर.

आपा चार दिवस ताप अंगावर घेऊन खासगी रुग्णालयात होती. रक्त, लघवी, सोनोग्राफी, एमआरआय, सगळे झाले. सुट्टीच्या कागदावर निदानाच्या जागी लिहिले होते, "ताप आणि सांधेदुखी, कारण अनिश्चित." बिल ऐंशी हजारांच्या वर गेले होते.

विमा कंपनीने फसवले, असे म्हणून मी हा विषय सोडून दिला असता. पण ‘केवळ तपासणीसाठी’ ही अट कुठून आली, कोणी लिहिली, हे शोधायला बसलो. जे सापडले ते माझ्या रागापेक्षा गुंतागुंतीचे निघाले. तेच इथे मांडतो.

द्रोणागिरीचे घर

आपा राहते द्रोणागिरीत. उरण तालुक्यातला हा सिडकोचा नोड. नाव आले ते करंज्याजवळच्या डोंगरावरून. रामायणातली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: संजीवनी नेमकी कोणती ते ओळखता येईना, म्हणून हनुमानाने अख्खा डोंगरच उचलून नेला. त्या डोंगराचा तुकडा इथे पडला, असे उरणचे जुने लोक सांगतात. औषध हवे असेल तर आधी ओळख पटावी लागते, आणि ती पटत नसेल तर कोणाला तरी डोंगर उचलावा लागतो. आपल्या विषयाचे मर्म हेच आहे.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. जानेवारी १९८४ मध्ये उरणला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व आले. १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झाले. मिठागरे आणि भातखाचरे होती तिथे कंटेनर यार्ड उभे राहिले. माझे दुल्हाभाई अशाच एका यार्डात ठेकेदाराकडे सुपरवायझर आहेत.

आमच्या अब्बांच्या वेळी मोठे दुखणे आले की मोऱ्याहून लाँच पकडायची, भाऊच्या धक्क्यावर उतरायचे आणि सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात रांग लावायची. पैसे कमी लागत, दिवस जास्त जात. आज अटल सेतू आहे, लोकल आहे, आणि दुल्हाभाईंच्या खिशात विम्याचे कार्ड आहे. २०२२ मध्ये त्यांनी एका खासगी कंपनीची कौटुंबिक पॉलिसी घेतली. त्यांना वाटले, आता रांगेतून सुटलो.

जहाज बुडते, शरीर झिजते

विम्याचा जन्म बंदरात झाला. जहाज बुडाले, माल गेला, तर नुकसान वाटून घ्यायचे. इस्लामी फिकहमध्येही विम्याची चर्चा तिथूनच शिरली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दमास्कसचे हनफी विद्वान इब्न आबिदीन यांच्यासमोर प्रश्न आला तो युरोपीय व्यापाऱ्यांच्या सागरी विम्याचा, ज्याला तेव्हा ‘सौकरा’ म्हणत. त्यांनी तो नामंजूर केला. पुढे १९८५ मध्ये जिद्द्याच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने व्यापारी विमा नाकारला आणि परस्पर सहकार्याचा विमा मान्य केला. आपल्या घरांत आजही पॉलिसी घेताना ‘जायज की नाजायज’ हा वाद होतो, त्याची मुळे इतकी जुनी आहेत.

त्या वादात मी इथे पडत नाही. मला दुसरी गोष्ट दिसते. विमा सुरुवातीपासून दोन प्रश्न विचारतो: काय झाले, आणि केव्हा झाले? जहाज अमुक तारखेला बुडाले. गोदामाला अमुक रात्री आग लागली. पाय मोडला, अॅपेंडिक्स फुटले, त्यालाही तारीख असते. पण आपाचा आजार कोणत्या तारखेला सुरू झाला? सकाळी बोटे वळत नव्हती, तो दिवस? की जिना चढताना पहिल्यांदा धाप लागली, तो? हळूहळू वाढणाऱ्या आणि नाव न मिळालेल्या आजाराकडे या दोन्ही प्रश्नांची उत्तरे नसतात.

मेडिक्लेमचा साचा

स्वतंत्र भारतात आजाराच्या विम्याचा पहिला मोठा प्रयोग खासगी नव्हता. १९४८ च्या कायद्याने कर्मचारी राज्य विमा योजना आली आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्लीत ती सुरू झाली. तिच्यात दवाखाना विम्याच्या आतच होता. डॉक्टरला दाखवणे, तपासणी, औषध, दाखल होणे, सगळे एकाच छपराखाली. नाव सापडेपर्यंतचा खर्चही योजनेचाच. सेवा कशी मिळते याबद्दल कामगारांच्या तक्रारी असंख्य आहेत, पण कल्पना शहाणी होती. अर्थात यादी तिथेही आहे. आजारपणाची नेहमीची भरपाई वर्षाला ९१ दिवसांची. त्यापुढची वाढीव भरपाई हवी तर आजार ३४ दीर्घ आजारांच्या यादीतला असावा लागतो. शिवाय २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन असलेला कामगार या योजनेबाहेर राहतो. दुल्हाभाई असेच थोड्या रुपयांनी बाहेर पडले.

१९७३ मध्ये जीवन विम्याखेरीजचा सगळा विमा सरकारी झाला. शंभरावर कंपन्या एकत्र करून चार सरकारी कंपन्या उभ्या केल्या गेल्या. त्यांनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ आणला. आजच्या खासगी पॉलिसींचा साचा हाच. रुग्णालयात किमान २४ तास दाखल व्हायचे, तर खर्च मिळणार. दाखल होण्याआधीच्या साधारण ३० आणि नंतरच्या ६० दिवसांचा खर्च त्याच आजाराशी जोडलेला असेल तरच मिळणार. आणि अपवादांच्या यादीत एक कलम: आजाराचे प्रत्यक्ष अस्तित्व आणि त्याचा उपचार यांच्याशी न जुळणाऱ्या, मुख्यतः निदानासाठी केलेल्या तपासण्यांचा खर्च नाही.

इथे माझ्या रागाला पहिला धक्का बसला. ज्या अटीने आपाचा दावा गेला, तिचे मूळ खासगी कंपनीत नव्हते. ती सरकारी पॉलिसीतून वारशाने आली होती.

खासगी कंपन्यांना दार उघडले ते १९९९ च्या विमा नियामक कायद्यानंतर, २००० मध्ये. २००१ मध्ये दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थांचे नियम आले. २००६ मध्ये केवळ आरोग्य विमा करणारी पहिली कंपनी सुरू झाली. प्रत्येक कंपनीचे शब्द वेगळे, अपवाद वेगळे. तो गोंधळ थांबवण्यासाठी सप्टेंबर २०१९ मध्ये नियामकाने अपवादांची प्रमाण भाषा ठरवली आणि त्यांना क्रमांक दिले. चौथा क्रमांक तपासणी व मूल्यमापनाचा. आपाच्या पत्रातला तोच.

या कलमामागे कारण नाही असे नाही. घरून करता येतील अशा तपासण्यांसाठी लोकांना दाखल करून बिले फुगवली जातात, हे खरे आहे. लुबाडणूक थांबवण्यासाठी कलम हवे. पण त्याच जाळ्यात जिचा आजार डॉक्टरलाच कळत नाही, तीही अडकते. दोघींमध्ये फरक करण्याची सोय कलमात नाही.

नाव मिळाले, आणि मग

वर्षभराने मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात, रांगेत बसूनच, आपाला नाव मिळाले: ल्युपस. शरीराची संरक्षणव्यवस्था शरीरावरच उलटते तो आजार. बायकांमध्ये जास्त आढळतो. त्याआधी तिला मिळालेली नावे होती अशक्तपणा, कॅल्शियमची कमी, टेन्शन. एका डॉक्टरने दुल्हाभाईंना सांगितले होते, "बाईंना जरा फिरवून आणा." आणि घरातल्या मोठ्यांच्या मते नजर लागली होती.

ही गोष्ट एकट्या आपाची नाही. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात अनेक कर्मचारी एका गूढ आजाराने पडले. थकवा, स्नायूंची दुखणी, महिनोन्महिने. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने कागद वाचून हा सामूहिक उन्माद असावा, असे लिहिले. रुग्णांत बायका जास्त होत्या, हे त्यांच्या युक्तिवादातले एक कारण होते. त्या निष्कर्षाने पुढची कित्येक वर्षे अशा रुग्णांची वाट अडवली. याउलट नवव्या-दहाव्या शतकातल्या अल-राझींकडे पाहा. देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत, हे त्यांनी रुग्णांच्या लक्षणांची बारकाईने नोंद करून स्पष्ट मांडले. नाव ठरवण्याआधी ऐकावे लागते, हे वैद्यकाला हजार वर्षांपासून ठाऊक आहे.

नाव मिळाल्यावर आपाचा दुसरा दावा गेला. या वेळी उत्तर आले: आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा. पुरावा काय? २०२१ ची एक चिठ्ठी, सांधेदुखीच्या गोळ्यांची. ज्या दुखण्याला कंपनीने २०२३ मध्ये आजार मानले नाही, तेच २०२४ मध्ये २०२१ पासूनचा आजार ठरले.

‘आधीपासूनचा आजार’ या शब्दांचाही इतिहास आहे. २०१६ च्या नियमांत पॉलिसीआधीच्या ४८ महिन्यांत नुसती चिन्हे किंवा लक्षणे दिसली असली, तरी आजार जुना धरला जाई. २०१९-२० च्या बदलांत लक्षणांचा उल्लेख गेला. निदान झालेले असावे किंवा डॉक्टरचा सल्ला वा उपचार घेतलेला असावा, एवढेच राहिले. २०२४ मध्ये मुदत ३६ महिन्यांवर आली. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली तर माहिती लपवल्याचे कारण देऊन दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. आधी ही मुदत आठ वर्षे होती. नियम रुग्णाच्या बाजूने सरकले आहेत, हे कबूल केले पाहिजे. पण ‘सल्ला वा उपचार’ या शब्दांत गोळ्यांची एक चिठ्ठीही बसवता येते.

सरकारी योजनेतही तेच. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. तिचेच नाव पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. लाखो गरिबांचे ऑपरेशन तिने केले. पण ती सुरू झाली ९७२ उपचारांच्या यादीने. यादीत नाव असेल तर दार उघडते. नाव शोधायला निघालेल्यासाठी यादीत ओळ नाही.

कोविडने हेच सगळ्यांना दाखवले. जुलै २०२० मध्ये ‘कोरोना कवच’ ही प्रमाण पॉलिसी आली. रुग्णालयातून सुटल्यावरचा खर्च ३० दिवस. ज्यांचा थकवा आणि धाप सहा-सहा महिने गेली नाही, त्यांच्या दुखण्याला ‘लाँग कोविड’ हे नाव डॉक्टरांनी नव्हे, रुग्णांनीच दिले. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आली ऑक्टोबर २०२१ मध्ये. तोवर तीस दिवस केव्हाच संपले होते.

ज्वारीचा विमा

दुसरा मार्ग होता का? महाराष्ट्रातच होता. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या सुमारास आसपासच्या गावांत विमा सुरू केला. हप्ता सुगीनंतर ज्वारीत, ज्याची ऐपत जास्त त्याची ज्वारी जास्त. गावात आरोग्यसेवक, आणि अचानक आलेल्या आजारपणात रुग्णालयात मोफत उपचार. जुनाट आजारांना सवलत. पूर्ण माफी जुनाट दुखण्याला तिथेही नव्हती. पण विमा देणारा आणि तपासणारा एकच होता. रुग्णाच्या आजाराचे नाव लवकर सापडले तर दोघांचाही फायदा. आजच्या व्यवस्थेत नाव उशिरा सापडले तर तोटा फक्त रुग्णाचा होतो.

आपल्या मोहल्ल्यांत जकात आणि सदक्यातून ऑपरेशनला मदत करणाऱ्या कमिट्या आहेत. त्यांनाही मी हेच विचारतो: अर्जावर आजाराचे नाव मागता, तर नाव शोधणाऱ्या पेशंटच्या तपासण्यांसाठी थोडी रक्कम वेगळी ठेवता येईल का? विमा जिथे थांबतो तिथून सुरुवात करायला फार मोठा फंड लागत नाही.

आणि घरोघरी सांगायच्या काही साध्या गोष्टी. पॉलिसी घेताना जुनी दुखणी लपवू नका, लपवलेले पुढे अंगावर येते. दाखल करताना डॉक्टरांना विनंती करा की संशयित निदान आणि प्रत्यक्ष दिलेला उपचार कागदावर स्पष्ट लिहा. सलाइन, इंजेक्शन, ऑक्सिजन दिला असेल तर तोही. नकाराचे पत्र आले की कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी उत्तर द्या, आणि तिथे न्याय मिळाला नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे वकील लागत नाही, फीही नाही.

आपाने दोन्ही पत्रांविरुद्ध अर्ज केला आहे. फाइल दुल्हाभाईंनी लावली: २०२१ च्या चिठ्ठीपासून कालच्या रिपोर्टपर्यंत, तारखेप्रमाणे. मी ती चाळली तेव्हा आपा म्हणाली, "बघ, एवढे कागद आहेत, पण मला दुखतंय असं एकाही कागदावर नाही." मी पुन्हा पहिल्यापासून पाहिले. खरेच नव्हते. लोकपालाला जाणाऱ्या अर्जात पहिले वाक्य आम्ही तेच लिहिले.